सतारीचा कारखाना, सहा माणसे आणि एक तडकलेला भोपळा

गेल्या दिवाळीच्या आगेमागे आम्ही दोन दिवस मिरजेत एका सतारमेकरांच्या कारखान्यात बसून होतो. कारखाना हा शब्द वाचून वाचकांनी धुराडे डोळ्यांसमोर आणू नये. खाली रस्त्याला लागून दुकान, त्यामागे एक लांबट खोली, आणि वर पत्र्याखाली सुकत टांगलेले भोपळे, एवढाच हा कारखाना. त्यात सहा माणसे काम करतात. सगळ्यांचे बसणे जमिनीवरच. लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरायचे आणि दोन्ही हात कामाला मोकळे ठेवायचे, ही तिथली बैठक. आम्हालाही एक चटई दिली गेली. दुसऱ्या दिवशी उठताना आमच्या गुडघ्यांनी तिची चांगलीच आठवण ठेवली होती.

या पानावर आपण बहुधा भाव, कर आणि कर्ज यांच्याविषयी लिहितो. एका छपराखाली काम करणारी माणसे एकमेकांशी कशी वागतात, पैसा कसा वाटला जातो, चूक झाली तर ती कोणाच्या माथी जाते, यावर फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या पाहण्यातले मोडलेले निम्मे धंदे मात्र याच गोष्टींवरून मोडले आहेत. म्हणून हा लेख.

मिरजेच्या सतारीचा इतिहास बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल, तरी दोन शब्दांत सांगतो. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे. इंग्रजी अंमल पक्का झाला तशी हत्यारांची मागणी सरली आणि हे हात रिकामे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता ती बनवण्याची विद्या मिळवली, असे मिरजेत सांगितले जाते. पटवर्धनांचे संस्थान गाण्याबजावण्याचे शौकीन होते, त्यामुळे गिऱ्हाईक दारातच होते. पुढे या विद्येची घरे वाढली आणि पुष्कळांचे आडनावच सतारमेकर झाले. विष्णू दिगंबर पलुस्कर गाणे शिकले ते याच मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले तेव्हा त्यांना ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले गेले. खाँसाहेब स्वतः तंबोरे, बीन दुरुस्त करण्यात वाकबगार होते. गायक आणि कारागीर यांच्यातले अंतर मिरजेत पूर्वीपासून कमीच.

आता कारखान्यातली माणसे. मालकांना सगळे चाचा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. वय सत्तरीच्या पुढे. थोरला मुलगा, ज्याला सगळे भाई म्हणतात, भोपळ्याचे आणि जोडकामाचे पाहतो. धाकटा दुकान सांभाळतो, तारा चढवतो, गिऱ्हाइकाशी बोलतो. दांडी कोरायला एक अण्णा आहेत, सुताराच्या घरातले. तीस वर्षे याच खोलीत बसतात आणि त्यांची जागा खिडकीखाली ठरलेली आहे. पाने कोरणे, सेल्युलॉइडच्या पट्ट्या बसवणे आणि लाखेचे पॉलिश हे मामूंचे काम. मामू चाचांचे लांबचे नातेवाईक, पण नगावर काम करणारे. सहावा एकोणीस वर्षांचा शागीर्द. शिवाय खोलीत कधीही न बसणारी पण जिच्यावाचून कारखाना चालत नाही अशी सातवी व्यक्ती म्हणजे थोरली सून. मोबाईलवर वाद्यांचे फोटो पाठवणे, पार्सलचा पाठपुरावा, बँकेचे व्यवहार हे सारे भाभी पाहतात. माणसे मोजताना चाचांनी सहाच सांगितली. आम्ही सात म्हटल्यावर ते हसले आणि "बरोबर आहे," म्हणाले.

काम सकाळी नऊला सुरू होते. कोणी कोणाला हाक मारत नाही. अण्णांचा किकरा लाकडावर पडू लागला की दिवस सुरू झाला असे समजायचे. अकराला चहा येतो. चहाच्या वेळी हत्यार हातात ठेवायचे नाही, असा चाचांच्या वडिलांपासूनचा नियम आहे. आम्हाला तो आधी शिष्टाचाराचा वाटला. मामूंनी खुलासा केला की पूर्वी एकाने चहा पिता पिता जवारीवर कानस फिरवली आणि पूर्ण घोडी वाया गेली. हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरात होते तेव्हाची ही गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार बंद केला. हल्ली घोडीला उंटाचे हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ लागतो. माल स्वस्त झाला, नियम तसाच राहिला.

दुपारी जोहरला काम थांबते. अण्णा त्या वेळात डबा खातात आणि पंधरा मिनिटे भिंतीला टेकून झोपतात. रमजानमध्ये वेळ बदलतो, दुपारी लवकर सुट्टी होते. त्या महिन्यात अण्णा अकराचा चहा बाहेर जाऊन पितात. त्यांना तसे कोणी सांगितलेले नाही. आणि गणपतीचे पाच दिवस ते येत नाहीत, तेव्हा दांडीचे काम कोणी मागेही लावत नाही. शुक्रवारी कारखाना बंद, गुरुवारी संध्याकाळी पगार.

काम कसे हातोहात फिरते ते पाहण्यासारखे आहे. भोपळा येतो पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या भागातून. हा भाजीचा भोपळा नव्हे. हा कडू, जाड सालीचा, वाद्यासाठीच पिकवला जाणारा. शेतात त्याला नीट बसवून आकार येऊ द्यावा लागतो. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, कापून आतला गर काढतात, तोंडात काड्या अडकवून हवा तेवढा फाकवतात आणि पुन्हा वाळवतात. त्याची पूड घशात गेली तर दिवसभर तोंड कडू राहते. दांडी आणि तबली तुनाच्या लाकडाची. दांडी आणि भोपळा जिथे मिळतात त्या गळ्यावर वाद्याचे आयुष्य अवलंबून असते. मग तबली चढते, कोरीव पाने लागतात, पॉलिशचे हात बसतात, खुंट्या, पडदे, तारा आणि सर्वांत शेवटी जवारी. एका सतारीला किती दिवस लागतात, असे आम्ही विचारले. "पंधरा दिवस की महिना, ते हवेला विचारा," भाई म्हणाले. ते किती खरे होते ते दुसऱ्याच दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून एक तंबोरा परत आला. पावसाळ्यात, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांआधी हवा म्हणून घाईने मागवलेला. ऑक्टोबरचे ऊन लागले आणि भोपळ्याला गळ्यापासून वीतभर तडा गेला. गाणाऱ्या बाईंनी पेटीत चिठ्ठी ठेवली होती. तीत एकही कडक शब्द नव्हता. चाचांनी ती दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. कोणी बोलेना. अण्णांचा किकराही थांबला.

वाद्य खोलीच्या मध्यभागी ठेवून तबली उकलली गेली. तेव्हा आम्हाला या कारखान्याची एक रीत दिसली, जी यापूर्वी आम्ही कुठे पाहिली नव्हती. तबली बंद होण्याआधी, ज्याने जे काम केले असेल तो भोपळ्याच्या आत पेन्सिलीने आपली खूण आणि तारीख लिहितो. भोपळा कोणी वाळवला, दांडी कोणाची, जोड कोणाचा. बाहेरून फक्त दुकानाचे नाव दिसते. आतली नावे वाद्य मोडेपर्यंत कोणी वाचत नाही.

आत भोपळ्याची खूण शागिर्दाची होती. जोडाची भाईंची. दोन तारखांमध्ये अंतर होते नऊ दिवसांचे, आणि महिना जुलै.

पोराचा चेहरा उतरला. हे पान वाचणाऱ्या पुष्कळांनी असा प्रसंग आपल्या दुकानात पाहिला असेल. अशा वेळी काय होते तेही आपणास ठाऊक आहे. सर्वांत लहान माणसावर आवाज चढतो, गुरुवारच्या पगारातून काहीतरी कापले जाते, आणि मालक "शिकला पाहिजे" असे म्हणून मोकळा होतो. इथे चाचांनी पोराला एकच विचारले, "भोपळा ओला आहे, असे तू कोणाला बोलला होतास का?" पोरगा गप्प. उत्तर भाईंनी दिले. "बोलला होता. मीच म्हटलं, लाव."

यावर चाचा एवढेच म्हणाले की मग भोपळा कारखान्याच्या खर्चाने बदलायचा आणि जाण्यायेण्याचे भाडे भाईंच्या हिश्श्यातून द्यायचे. बाईंना फोन भाईंनीच करावा, भाभींना करायला लावू नये. पाच मिनिटांत विषय संपला आणि किकरा पुन्हा सुरू झाला.

आम्हाला हा न्याय आवडला आणि तो इथे सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच. पेन्सिलीची खूण ही पकडण्यासाठी वापरली असती तर महिन्याभरात कोणी खरी तारीख लिहिली नसती. ती खरी लिहिली जाते कारण पोराला माहीत आहे की तारखेमागची गोष्टही विचारली जाईल. भाईंनीही सर्वांसमोर बोलून दाखवले. गप्प बसले असते तर त्यांचे भाडे वाचले असते.

पण सगळेच गोड लिहिले तर तो लेख कसला. संध्याकाळी शागीर्द आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने सांगितले की तो कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम शोधतो आहे. बोलणी जवळजवळ झाली आहेत, चाचांना अजून सांगितलेले नाही. आम्ही चकित झालो. आज जे घडले त्यानंतरही? तो म्हणाला, "चाचा चांगले आहेत. पण पाच वर्षं झाली, माझा दर काय ते मलाच माहीत नाही."

हे दुखणे या एका कारखान्याचे नाही. शागिर्दीत पहिली दोन-तीन वर्षे जेवणखाण आणि हातखर्च, पुढे सणाला कपडे, अडीनडीला उचल. उचल कोणी लिहीत नाही कारण लिहिणे परकेपणाचे वाटते. पोराच्या बहिणीच्या लग्नात चाचांनी पैसे दिले, ते भेट होते की उचल, हे दोघांपैकी एकालाही सांगता येणार नाही. मायेने दिलेल्या पैशाचे असे ओझे झाले की ते पगाराच्या पैशापेक्षा जड असते. मामूंचा दर नगावर ठरलेला, अण्णांचा रोज ठरलेला. ज्याच्या हातावर उद्याचा कारखाना उभा राहायचा त्याचेच काही ठरलेले नाही. आणि पोराचा हात कोणत्या कामावर बसला आहे? जवारीवर.

वाद्य न जाणणाऱ्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. घोडीचा वरचा पृष्ठभाग अगदी किंचित उताराचा असतो. तार त्यावर टेकत टेकत निघते, त्यामुळे आवाजाला झणकार येतो आणि तो लांबतो. हा उतार डोळ्यांना दिसत नाही. कानसेचा एक हात, मग तार छेडून ऐकायचे, पुन्हा एक हात. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवून जागा शोधतात. तो केसभर इकडेतिकडे झाला तरी आवाज मिटतो. ही विद्या हातापेक्षा कानाची आहे आणि ती सर्वांनाच येत नाही. चाचांना येते, पण त्यांना एका कानाने आता कमी ऐकू येते. धाकट्याला थोडी येते. पोराला येते. गावातले जाणते लोक जुनी वाद्ये जवारीसाठी आणतात तेव्हा चाचा ती ऐकण्याचे सोंग करतात आणि पोराकडे सरकवतात, असे मामूंनी आम्हाला हळूच सांगितले.

बाहेरची परिस्थितीही ध्यानात घ्यावी. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला तेव्हापासून चार तारांच्या तंबोऱ्याची रोजची गरज कमी होत गेली, आणि आज तर रियाजाला मोबाईलमधला तंबोरा पुष्कळांना पुरतो. २०२० साली टाळेबंदीत मैफली बंद पडल्या तेव्हा या खोलीतही काही महिने किकरा वाजला नाही. मैफलीत बसणारा मात्र अजून लाकडाचाच तंबोरा मागतो, आणि तोही उत्तम जवारीचा. म्हणजे साध्या कामाची मागणी घटली आणि नाजूक कामाची टिकली. अशा वेळी नाजूक काम जाणणारा एकुलता एक तरुण हात कुपवाडला गेला तर उरते काय?

२०२४ साली मिरजेची सतार आणि तंबोरा या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. ही मोठी गोष्ट आहे. मिरजेबाहेर बनवलेल्या वाद्यावर आता मिरजेचे नाव लावता येणार नाही. पण व्यापारी बांधवांनी एक लक्षात ठेवावे. मानांकन गावाच्या विद्येला मिळते. ते वापरण्यासाठी प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी वेगळी करावी लागते. भाभींना हे ठाऊक होते, चाचांना नव्हते. त्यांच्या मते नाव गावाचे आहे, मग कागद कशाला?

केंद्राच्या विश्वकर्मा योजनेचेही आम्ही विचारले. सप्टेंबर २०२३ मध्ये ती सुरू झाली. तीत अठरा व्यवसाय आहेत. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि पुढच्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत. यादीत सुतार आहे, लोहार आहे, हत्यारे बनवणारा आहे. वाद्य बनवणारा नावाने नाही. आम्ही हे सांगितले तेव्हा चाचा खूप हसले. पणजोबांनी जो धंदा पोट भरेना म्हणून सोडला तो यादीत आहे, आणि ज्याने चार पिढ्या जगवल्या तो नाही! अण्णा मात्र सुतार म्हणून अर्ज करू शकतात. तो करायचा की नाही यावर त्या दिवशी अर्धा तास खल झाला. अण्णांना कर्ज नको होते, नवा पटाशीचा संच हवा होता.

मिरजेहून परतल्यावर आमच्या मनाला एक टोचणी लागून राहिली. पोराने आम्हाला विश्वासाने सांगितलेले चाचांना सांगावे काय? पाहुण्याने घरच्या गोष्टीत पडू नये, हे आम्हीही जाणतो. शेवटी आम्ही भाभींना फोन केला आणि पोराचे नाव न घेता इतकेच विचारले की कारखान्यात हिशेबाची वही फक्त गिऱ्हाइकांची आहे की माणसांचीही आहे. त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "तो जातोय ना? मला वाटलंच होतं."

पुढचे सारे भाभींनी केले. आमचा त्यात काही वाटा नाही. त्यांनी आधी पतीशी बोलून घेतले आणि एका गुरुवारी पगाराच्या वेळी नवी वही चाचांसमोर ठेवली. प्रत्येकाचे एक पान. जुनी उचल कोणाच्याच पानावर लिहायची नाही, आजपासूनची लिहायची. चाचा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्यांना वाटले, घरात दुकान आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पोराला बोलावले आणि म्हणाले की जवारीच्या प्रत्येक वाद्यावर तुझा दर काय असावा ते तूच सांग. पोराने आकडा सांगितला तो फारच कमी होता. चाचांनी तो खोडून आपल्या हाताने वाढवून लिहिला. किती, ते आम्हाला कळले आहे, पण छापत नाही. पोराने एवढेच सांगितले की कुपवाडपेक्षा कमी आहे, पण वहीत आहे.

तो सध्या तरी राहिला आहे. पुढच्या हंगामाचे आम्ही सांगू शकत नाही, तोही सांगत नाही. पुण्याच्या बाईंचा तंबोरा नवा भोपळा लावून रवाना झाला. या वेळी भोपळा आणि जोड यांच्या तारखांत सात आठवडे होते. आत जवारीसाठीही एक खूण आली, पूर्वी जवारीची खूण लिहीत नसत, कारण ती तबली बंद झाल्यावरचे काम. पोराने ती तबली बंद होण्याआधीच लिहून टाकली आणि पुढे तारीख मोकळी सोडली. मामूंनी त्याला हटकले, काम झाल्याआधी सही कशी करतोस? त्याने भाईंकडे पाहिले. भाई म्हणाले, "राहू दे."

भोपळे निवडायला मंगळवेढ्याकडे दरवर्षी भाई एकटेच जातात. येत्या खेपेला ते पोराला बरोबर नेणार आहेत. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च कोणाच्या पानावर लिहायचा, यावर आम्ही शेवटचा फोन केला तेव्हा भाभी आणि चाचा यांचा वाद चालू होता.